'मॉन्स्टर हंटर आऊटलँडर्स'साठी आत्ताच फोन घ्यावा का?

देवगडच्या बाजूच्या एका गावातून हा प्रश्न आलाय. विचारणारा एस. वाय. बी. कॉम.ला आहे, घरी हापूसची कलमं आहेत. म्हणतो, "दादा, मॉन्स्टर हंटर आऊटलँडर्स येतोय. माझा फोन तीन वर्षांचा, ६ जीबी रॅमचा. आंब्याचे पैसे आले की पप्पा २०,००० पर्यंत देतो म्हणालेत. आत्ताच नवा फोन घेऊन ठेवू का? आणि गेम खरंच ट्रेलरसारखा असेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नको. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल, चहा घेऊन बस.

मी मोबाइल गेम तपासायचं काम करतो, दहा-बारा वर्षं झाली. आधी पुण्यात होतो, आता घरूनच करतो, म्हणजे खाडीकाठच्या आमच्या माडीवरून. लोकांना वाटतं याला दिवसभर खेळायचे पैसे मिळतात. खरं काम असं असतं की एकाच भिंतीवर चारशे वेळा उडी मारायची आणि चारशे एकाव्या वेळी पात्र भिंतीत अडकलं की ते लिहून पाठवायचं. या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडली. गेम बाहेर यायच्या आधी त्याच्याबद्दल जे दाखवतात, ती पेटीतली वरची थर असते. तू बागायतदाराचा मुलगा, तुला वेगळं सांगायला नको. वरचे आंबे सगळे एका रंगाचे, देठ एका बाजूला. गिऱ्हाईक शहाणं असेल तर गवत बाजूला करून खाली हात घालतं.

तर आधी वरची थर. नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानची कॅपकॉम आणि टिमी स्टुडिओ ग्रुप यांनी मिळून अजस्र जनावरांच्या शिकारीचा हा गेम जाहीर केला. टिमी म्हणजे चीनच्या टेन्सेंटचा स्टुडिओ. ऑनर ऑफ किंग्ज, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, पोकेमॉन युनाइट ही त्यांचीच कामं, म्हणजे फोनवर गेम कसा चालवायचा हे त्यांना शिकवायची गरज नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर येणार, उतरवून घ्यायला फुकट, जग मोकळं, एकट्याने किंवा चौघांपर्यंत मिळून शिकार. शिवाय जंगलात तग धरायचा भाग आहे, सामान गोळा करा, काहीबाही बनवा. या शेवटच्या भागाचं मला फारसं कौतुक नाही. लाकडं गोळा करायचीच तर आमच्या परसात पावसाआधीची रास पडलीय, कुणीही यावं.

आता खालच्या थरात हात घालू.

तू आजवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा आपल्याकडचा अवतार, खेळत आलास. तिथे बोट टेकलं की गोळी सुटते, बोट उचललं की थांबते. मॉन्स्टर हंटरचा पिंड वेगळा आहे, आणि तो कळल्याशिवाय आऊटलँडर्स चांगला की वाईट हे ठरवता येणार नाही.

माझे आजोबा खाडीत पाग टाकायचे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळ्याची एक कड दातात धरायची, बाकीचा घेर खांद्यावर आणि हातात, आणि पाण्याकडे बघत राहायचं. मी लहानपणी कंटाळून विचारायचो, आता टाका की. ते बोलायचे नाहीत, कारण तोंडात जाळं. पाग एकदा हातातून सुटला की सुटला. मासा वळला म्हणून हवेत पाग वळवता येत नाही. तो पडणार, शिसं त्याला खाली नेणार, मग दोरी ओढून सगळा गोळा करायचा, झटकायचा, पुन्हा अंगावर घ्यायचा. तोवर मासे पलीकडच्या काठाला. फेकायला दोन दिवसांत येतं कुणालाही. कधी फेकायचं नाही हे यायला वर्षं जातात.

मॉन्स्टर हंटरमधली ग्रेट स्वॉर्ड म्हणजे हा पाग. तलवार उचलली की उचलली. तीन टप्प्यांत जोर भरायचा, जितका थांबशील तितका घाव मोठा, आणि घाव सुटल्यावर मधेच बटण दाबून माघार नाही. जनावर बाजूला झालं तर तलवार मातीत रुतते आणि तू उघडा पडतोस. सुरुवातीच्या गेममध्ये तर याची कमालच होती. औषध प्यायलं की तुमचा शिकारी जागच्या जागी उभा राहून दंड फुगवून दाखवायचा, समोर जनावर धावत येत असताना! लोक वैतागायचे. पण म्हणूनच औषध कधी प्यायचं हाही निर्णय व्हायचा. २०१८ च्या 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड'मध्ये चालता चालता प्यायची सोय झाली, आणि जुन्या लोकांनी तेव्हाही कुरकुर केली. मी त्यांतलाच एक.

ही मालिका २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर सुरू झाली, पण जपानमध्ये तिला खरं घर मिळालं ते पीएसपीवर. खिशातलं यंत्र, चार मित्र एका टेबलाभोवती, प्रत्येकाच्या हातात आपापलं. माझा मामा बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून आणलेला पीएसपी माझ्याकडे आला तेव्हा मी अकरावीत होतो. गावात दुसरा पीएसपी नव्हता. चौघांनी मिळून खेळायचा गेम मी दोन वर्षं एकट्याने खेळलो, आणि कदाचित त्यामुळेच जनावरं नीट बघायला शिकलो. या गेममध्ये जनावराच्या डोक्यावर किती जीव उरला याची पट्टी नसायची. लाळ गळायला लागली की दमलं. लंगडत निघालं की घरट्याकडे चाललं, आता सापळा लावायचा. राथालोस नावाचा लाल ड्रॅगन या मालिकेचा मानाचा गणपती समज. आग ओकायच्या आधी तो मान मागे घेतो, तेवढाच इशारा. तो ज्याला दिसला तो वाचला.

म्हणून आऊटलँडर्सबद्दल माझा पहिला आणि खरं तर एकच मोठा प्रश्न आहे: फोनवर हा इशारा दिसेल का, आणि दिसल्यावर माझं बोट वेळेत पोचेल का? डोंगर किती सुंदर, गवत कसं डुलतं, हे नंतर.

त्याचं कारण फोनच्या घडणीतच आहे. गेम खेळताना दोन्ही अंगठे काचेवर असतात, म्हणजे पडद्याचे दोन्ही कोपरे झाकलेले. तिसऱ्या बोटाने कॅमेरा फिरवायचा. पीएसपीवर खरी बटणं होती, अंगठा न बघता त्यांवर जायचा. काचेवर बटण जागेवर आहे की नाही हे बोटाला कळत नाही, घसरलं की घसरलं. कॅपकॉमने हा प्रयोग आधी एकदा केलाय. २०१४ मध्ये त्यांनी पीएसपीवरचा 'फ्रीडम युनाइट' जसाच्या तसा आयफोनवर आणला. काचेवर बटणं रंगवली, कॅमेरा जनावराकडे आपोआप वळायची सोय दिली. पुण्यात एका मित्राच्या आयफोनवर मी तो खेळलो. पहिल्या तासातच कळलं की मी जनावराशी लढत नव्हतो, स्वतःच्या अंगठ्याशी लढत होतो.

दुसरा रस्ता 'मॉन्स्टर हंटर नाऊ'ने धरला. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला, नियांटिकचा, म्हणजे पोकेमॉन गो करणाऱ्यांचा. त्यांनी गेमच फोनच्या मापाने कापला. शिकार ७५ सेकंदांत संपवायची, टिचकी मारली की घाव, बोट सरकवलं की उडी. मूळ मालिकेत १४ प्रकारची हत्यारं, 'नाऊ'ने सुरुवात ६ वर केली. हे कापणं बेतशुद्ध होतं, मला आवडलं. पण तो चालत फिरायचा गेम, नकाशावरची ठिकाणं शहरात दाट आणि आपल्याकडे विरळ. आमच्या गावात देऊळ आणि एसटी स्टँड सोडलं तर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, दोन किलोमीटर काही नाही. उन्हात सड्यावर फोन घेऊन फिरताना मला बघून एकाने विचारलंच, "काय रे, रेंज शोधतंस?"

आऊटलँडर्स या दोन रस्त्यांच्या मधून जाऊ बघतोय: जग मोठं, शिकार लांब, आणि हातात नुसती काच. टिमीकडे त्याचा अनुभव आहे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल खेळून बघ, बटणं हवी तिथे सरकवता येतात, लहानमोठी करता येतात. पण बंदुकीच्या गेमला चुकलेली गोळी परवडते, पुढची तयार असते. इथे घाव चुकला की दोन सेकंद तू मातीत. उडी मारून वाचायची जी फट असते ती या मालिकेत पाव सेकंदापेक्षाही लहान राहत आली आहे. फोन सेकंदाला ३० चित्रं दाखवत असेल तर एक चित्र ३३ मिलिसेकंदांचं, ६० दाखवत असेल तर साधारण १७ चं. म्हणजे त्या फटीत तुला ३० च्या हिशेबाने पाच-सहा चित्रं मिळतात. त्यातली दोन अडखळली तर मान मागे गेलेली दिसायच्या आत आग अंगावर. म्हणून "माझ्या फोनवर चालतो" आणि "माझ्या फोनवर खेळता येतो" यांत फरक आहे, आणि मला पैसे त्या फरकाचेच मिळतात.

स्टुडिओ यावर एक पळवाट काढू शकतो, आणि त्या पळवाटीची मला धास्ती आहे. जनावरं मंद करायची, फट मोठी करायची, घाव मधेच मोडू द्यायचा, लक्ष्य आपोआप धरायचं. मग गेम सुखाने चालेल, तुला आवडेलही. पण आजोबांचा पाग जाऊन गळाला आपोआप लागणारा मासा हातात येईल. ट्रेलर बघताना हेच शोध. घाव घातल्यावर शिकारी अडकतो का, की लगेच उडी मारून निसटतो? ज्या ट्रेलरमध्ये पडद्यावरची बटणं दिसत नाहीत, तो खेळाचा पुरावा म्हणून धरू नकोस. आणि दर दोन सेकंदांनी दृश्य कापलेलं असेल तर समजायचं, सलग दाखवण्यासारखं अजून नाही. सलग तीन मिनिटांची एक शिकार, बटणांसकट, कुणाच्या तरी अंगठ्यांसकट, असं काही बघायला मिळालं तर ते शंभर ट्रेलरांवर भारी.

जगाबद्दलही थोडं. 'वर्ल्ड'मध्ये माग काढायची गंमत होती. पायाचे ठसे, झाडावरचे ओरखडे, आणि शिकाऱ्याच्या कमरेच्या पिंजऱ्यातले हिरवे काजवे, जे मागावर उडत पुढे जायचे. जूनच्या सुरुवातीला आपल्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी काजवे लागतात ना, मला प्रत्येक वेळी तेच आठवायचं. मोकळ्या जगाच्या गेममध्ये असा माग असेल तर त्या मोकळेपणाला अर्थ. नकाशावर बाण आणि "येथे जा" एवढंच असेल तर मोठं जग म्हणजे नुसतं जास्त चालणं. आणि मोठं जग फुकट येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या याच मालिकेतल्या 'वाइल्ड्स'ने कळपच्या कळप, बदलतं हवामान असं सगळं दाखवलं. पहिल्या तीन दिवसांत ८० लाख प्रती गेल्या, आणि तरी पीसीवाल्यांनी अडखळतो म्हणून ओरड केली. ते पीसी, वीज भिंतीतून खाणारे, आत पंखे असलेले. तू तेच जग तळहातावर मागतोयस.

इथे आपल्या भागाचा प्रश्न येतो, आणि त्याबद्दल बंगळूरच्या एसीत बसून लिहिणारे काही सांगणार नाहीत. फोनला पंखा नसतो. चिप तापली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते, पडदा मंद होतो, चित्रं ६० वरून ३० वर, तिथून आणखी खाली. आयफोन वापरायला आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं ॲपलच सांगते. मे महिन्यात आमच्या पडवीत सावलीत ३३-३४ असतं, वर घामाची धार. फोन सुरूच होतो तो त्याच्या सहनशक्तीच्या कडेवरून. म्हणून कुठलाही जड गेम मी तीन वेळा तपासतो: सकाळी माडीवर, दुपारी तीनला पडवीत, आणि रात्री लाईट गेल्यावर. पहिल्या दहा मिनिटांना मी काहीच किंमत देत नाही, दुकानदारही तुला तेवढीच दाखवतो. चाळिसाव्या मिनिटाला फोन काय करतो ते बघायचं.

यावरून एक जुनी गोष्ट. एका गेममध्ये पात्र मधेच आपोआप वळायचं. मी तक्रार पाठवली, वरून उत्तर आलं, आमच्याकडे होत नाही. तीनदा पाठवली, तीनदा तेच. मी जून महिन्यात गावी होतो. हवा ओलीचिंब, काचेवर घाम, त्यात फोन स्टँडवरून घेतलेल्या शंभर रुपयांच्या चार्जरला लावलेला. काचेला स्पर्श कळतो तो बोटामुळे विजेत होणाऱ्या बारीक बदलावरून. ओल्या काचेवर तो बदल पसरतो, आणि हलक्या चार्जरमधून येणारी खरखर त्यात मिसळली की फोनला नसलेली बोटं दिसायला लागतात. चार्जर बदलला, काच पुसली, पात्र सरळ चालायला लागलं. त्यांच्या एसीत हा जून कधी आलाच नव्हता. तेव्हापासून खेळताना मी फोन चार्जिंगला लावत नाही, आणि अंगठ्यांना ती कापडी टोपरी घालतो जी बीजीएमआयवाले घालतात. आमची आई त्यांना "अंगठ्याची कानटोपी" म्हणते. खारी हवाही विसरू नकोस. समुद्राजवळ ज्यांचं घर आहे त्यांच्या चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, मग फोन हळू चार्ज होतो आणि लोक बॅटरीला दोष देतात.

रेंजचं म्हणशील तर थोडी चांगली बातमी आहे. जनावराशी लढायच्या गेममध्ये बीजीएमआयइतकी रेंजची मारामारी नसते. तिथे समोरचा माणूस असतो, दोघांचं घड्याळ जुळावंच लागतं. जनावर मशीन चालवते, त्यामुळे थोडा उशीर लपवता येतो. पण अंतर काही जात नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल असं धर. मुंबईहून सरळ रेषेत ते ३,९०० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद, तेही तार सरळ असती तर. त्यावर गावच्या टॉवरचा उशीर आणि सगळे संध्याकाळी सातला व्हिडिओ बघतात त्याचा उशीर. सर्व्हर मुंबईत ठेवला तर निम्मं दुखणं जाईल. गेम आला की पहिल्यांदा सेटिंगमध्ये हेच बघ.

लाईट गेल्यावर टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरतो ते तुला तुझ्या गावाचं माहीत असेलच. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आपल्याकडे कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. मी तेव्हा गाडीच्या बॅटरीवर तो जुना पीएसपी चार्ज करून खेळलो. त्याला इंटरनेट लागत नाही. असे फुकटचे ऑनलाइन गेम रेंज गेली की दारातच उभे करतात. या गेममध्ये एकट्याने शिकार करता येणार आहे, पण एकट्याने आणि इंटरनेटशिवाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस.

चौघांच्या शिकारीत आणखी एक खोच आहे. मालिकेच्या जुन्या नियमाने चौघांत मिळून दोन वेळा बेशुद्ध पडायची मुभा, तिसऱ्यांदा कुणीही पडला की शिकार सगळ्यांची बुडाली. हे रापणीसारखं, म्हणजे गावाने मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यासारखं. दोरीला सगळ्यांचे हात, वाटा सगळ्यांना, आणि एकाने दोर सैल सोडला तर मासे सगळ्यांचे जातात. रापणीत निदान कुणी सोडला ते दिसतं. इथे तुझी रेंज गेली तर पुण्यातले तिघे तुलाच शिव्या देणार. खेळायला माणसं ओळखीची घे.

आता पैसा. फुकट गेम कुठेतरी वसूल करतोच. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या गेनशिन इम्पॅक्टने दाखवून दिलं की फोनवरही भव्य मोकळं जग चालतं, आणि पात्रांची सोडत काढून त्यातून खर्चही निघतो. याला गाचा म्हणतात. जपानमध्ये नाणं टाकून दांडी फिरवली की गोळ्यातून खेळणं पडायची यंत्रं असतात, त्यांवरून आलेला शब्द. गेनशिनमध्ये पाच ताऱ्यांचं पात्र ९० व्या सोडतीपर्यंत नक्की मिळतं असा नियम आहे. म्हणजे नशीब फुटकं असेल तर ९० वेळा दांडी फिरवायची.

मॉन्स्टर हंटरमध्ये नशीब नाही असं नाही. राथालोसचं एखादं दुर्मीळ रत्न हवं असेल तर तो वीस वेळा मारूनही मिळत नाही, आणि नको असतं तेव्हा दोन मिळतात. खेळणारे गमतीने म्हणतात की गेममध्ये एक यंत्र आहे, त्याला तुमच्या मनातलं कळतं आणि नेमकं तेच ते देत नाही. पण विसाव्या वेळी राथालोस मारताना तू पहिल्या वेळेपेक्षा चांगला शिकारी झालेला असतोस. त्या वाट बघण्याचं मोल तुझ्या हातात जमा होतं. तेच रत्न किंवा तीच तलवार सोडतीत आली तर विसाव्या दांडीनंतर फक्त पप्पांचं यूपीआय रिकामं झालेलं असतं. कपडे, रंग, सोबतच्या मांजराला टोपी अशा गोष्टी विकल्या तर माझी काही हरकत नाही. घाव जोरात बसण्याचे पैसे मागितले तर मी पहिल्या आठवड्यात काढून टाकणार. कुठले पैसे मागतात हे कळायला गेम बाहेर यावा लागतो, आणि तेवढ्यासाठी तरी आत्ता खर्च करू नये.

शेवटची अडचण फोनच्या बाहेरची आहे. गेम जगात आला म्हणजे आपल्याकडे आलाच असं नाही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, वर्षभराने तोही दुकानातून काढला, मे २०२३ मध्ये परत. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. दुसरीकडे टिमीनेच बनवलेला कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल आपल्याकडे चालत राहिला, बहुधा तो ॲक्टिव्हिजनच्या नावाने येतो म्हणून. म्हणजे बनवणारा कोण यापेक्षा प्रकाशक कोण आणि माहिती कुठे जाते याला जास्त वजन. चीनमध्येही सरळ नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे टेन्सेंटच्या दुकानात 'वर्ल्ड' पीसीवर आला आणि आठवड्याच्या आत काढावा लागला. त्याआधी टेन्सेंट आणि कॅपकॉमचा 'मॉन्स्टर हंटर ऑनलाइन' होता, फक्त चीनपुरता, तोही २०१९ च्या डिसेंबरअखेर बंद झाला. ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद झाला की तलवारीसकट सगळं गेलं.

म्हणून कुणी "आत्ताच उतरवा" म्हणून फाइल पाठवली तर उघडू नकोस. चाचणीसाठी म्हणून फिरणाऱ्या फाइलींत काय काय असतं ते मी पाहिलंय. एक पोरगा माझ्याकडे फोन घेऊन आला होता, गेम चालत नव्हता आणि बँकेचे मेसेज येणं बंद झालं होतं. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर सोडून कुठेही नाही, आणि नोंदणीला पैसे मागितले तर ती फसवणूकच.

तुझ्या २०,००० चं काय? गेनशिन आला तेव्हा त्याने किमान ४ जीबी रॅम आणि स्नॅपड्रॅगन ८४५ च्या तोडीची चिप सुचवली होती, आणि आता तो फोनवर २० जीबीच्या पुढे जागा खातो. आऊटलँडर्स त्याहून हलका असेल अशी आशा मी धरत नाही. गेम आला, आपल्याकडे आला, आणि तुझ्या जुन्या फोनवर खरंच खेळता येत नाही असं दिसलं, तर घे. तोवर त्याच पैशात अधिक चांगली चिप मिळेल, फोनच्या बाजारात वाट बघणारा सहसा तोट्यात जात नाही. घेताना मेगापिक्सेल ऐकायचे नाहीत, चिपचं नाव विचारायचं. रॅम ८ जीबी खरी हवी. दुकानदार "८ अधिक ८" म्हणेल, त्यातले दुसरे ८ म्हणजे साठवणीतून उसने घेतलेले, शिकारीत कामाचे नाहीत. जागा १२८ जीबीच्या खाली नको. पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा आहे म्हणून भुलू नकोस, गेमने स्वतःहून ३० वर कुलूप लावलं तर तो पडदा नुसता शोभेचा.

तोवर 'नाऊ' उतरव, सड्यावर नाही तर निदान देवगड स्टँडच्या परिसरात चालेल. ७५ सेकंदांत का होईना, मान मागे जाते ती बघायची सवय लाव. आणि गणपतीत मी घरीच आहे. आरती झाली की तुझा हाच जुना फोन घेऊन ये, माडीवर बसून चाळीस मिनिटं काहीतरी जड चालवून बघू, कुठे दम सोडतो ते. चार्जर मात्र घरी ठेवून ये.